वादळाआधीची कामे: सांतो बेटावरची बाग आणि रान

दक्षिण पॅसिफिकात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम. व्हानुआटूच्या एस्पिरितू सांतो बेटावर हॅरॉल्ड वादळ आदळले ते 6 एप्रिल 2020 ला, हंगाम सरता सरता. तेव्हा कामे आत्ताच उरका आणि एप्रिल संपेपर्यंत सावध राहा. बागेतला कंद वाचला तर वादळानंतर नव्या वाडीसाठी रान तोडावे लागत नाही. घरात खायला काही उरले नसेल, तर रानातले लाकूड विकत मागायला आलेल्या व्यापाऱ्याला नाही म्हणणे फार जड जाते.

वादळाचा इशारा मिळताच कसावा कमरेइतक्या उंचीवर छाटा. खोड वाऱ्याने हलले की मुळे तुटतात आणि कंद जमिनीतच कुजायला लागतो. छाटलेल्या काड्या सावलीत उभ्या करून ठेवा, तेच पुढचे बेणे. केळीची मोठी पाने उतरवा म्हणजे झाड वारा कमी धरते. लावून उरलेले कोनफळाचे बेणे उंच, हवेशीर माचावर ठेवा, आणि त्यातले थोडे दुसऱ्या गावातल्या सोयऱ्याकडे द्या. नीरफणस हाताशी असेल तर पानांचे अस्तर लावलेल्या खड्ड्यात आंबवून ठेवायची जुनी रीत सोडू नका.

आता रान. इथला खरा वैरी म्हणजे मेरेमिया वेल, ज्याला बेटावर ‘बिग लीफ’ म्हणतात. वादळाने झाडे पडून उजेड आत आला की हा वेल धावत सुटतो आणि कोवळ्या रोपांवर गोधडीसारखा पसरतो. बिग बेजवळच्या वाथे राखीव रानाने हा त्रास भोगला आहे. वेल मुळाशी तोडा, पण झाडावरून ओढून काढू नका, फांद्या मोडतात. तो वरच वाळू द्या. तोडलेले तुकडे ओल्या मातीवर पडू देऊ नका, तिथे पुन्हा मूळ धरतात. मोकळ्या झालेल्या जागी लगेच सावली देणारी झाडे लावा. माझ्या मते सगळे रान एकदम साफ करायला निघण्यापेक्षा एक छोटा पट्टा हाती घेऊन तो वर्षभर राखलेला बरा.

त्या पट्ट्यात नांगाई लावा, म्हणजे बदामासारखी बी देणारे इथले झाड. पूर्व किनाऱ्यावर लोरू येथे सेराकार कुळाने आपले रान राखले आहे. त्यांची सेर-थियाक ही संस्था रान उभे ठेवल्याबद्दल कार्बन क्रेडिट (झाडांनी हवेतला कार्बन धरून ठेवल्याची विकता येणारी पावती) विकते, आणि तिथे नांगाईची लागवडही होते. पडलेली काळी फळे एक-दोन दिवसांतच वेचा, नाहीतर डुकरे आणि उंदीर आधी पोचतात. फळाचा वरचा मगज काढून बिया धुवा आणि कवचासकट वाळवा, कवचात त्या जास्त टिकतात. फोडताना बी दगडाच्या खळग्यात उभी धरून एकच नेमका घाव घाला. बोथट घावाने कवचातला खायचा गर चुरडतो, आणि चुऱ्याला भाव नाही. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की तांबूस साल बोटांनी सुटते. गर नीट वाळवूनच हवाबंद डब्यात भरा. त्यात तेल भरपूर असल्याने ओलावा राहिला तर खवट होतो.

नारळाच्या बाबतीत कोकणातल्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको, कारण शत्रू तोच आहे, गेंड्या भुंगा. तो 1909 मध्ये श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर सामोआत पोचला, आणि 2019 मध्ये व्हानुआटूच्या एफाटे बेटावर सापडला. वादळात पडलेल्या नारळाच्या कुजत्या खोडांत त्याच्या अळ्या वाढतात. म्हणून पडलेली खोडे आठवड्या-दोन आठवड्यांत चिरून वाळवा किंवा जाळा. एफाटेहून कंपोस्ट, माती, रोपे आणू नका. झावळीवर इंग्रजी व्हीसारखे काप दिसले तर लगेच कृषी खात्याला कळवा.

पाने झडलेले नांगाईचे झाड मेले समजून तोडू नका, ते पुन्हा फुटू शकते. पडलेल्या झाडांचे मोबाइलवर फोटो काढा, मगच ती हलवा. कार्बनच्या तपासणीला वाऱ्याने पडलेले आणि माणसाने पाडलेले झाड वेगळे दिसायला हवे.

1980 च्या राज्यघटनेप्रमाणे इथली जमीन परंपरागत मालकांचीच आहे, त्यामुळे कुठे कुऱ्हाड लागणार नाही हे कुळानेच ठरवायचे. ते वादळानंतर नको, आत्ताच नाकामालमध्ये, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसून ठरवा. बायका आणि तरुण मुलेही बैठकीत असू द्या. मग ठरलेल्या हद्दीवर, प्रत्येक वाटेच्या तोंडाशी, मनाईची खूण म्हणून नामेले या सायकॅड झाडाचे पान रोवा.