अलास्कात अस्वलासाठी पिस्तूल: आधी व्हिसा बघा

अँकरेजला उतरून महिना झाला की नवीन मराठी मंडळी हमखास विचारतात, "दादा, ट्रेकला जायचंय, अस्वलासाठी गन कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, व्हिसा कुठला?

आपल्याकडे परवान्यासाठी कलेक्टर कचेरीच्या किती चकरा! इथे फॉर्म भरला, चौकशी झाली की बहुतेक वेळा त्याच दिवशी पिस्तूल हातात. त्याला भुलू नका. एच-१बी म्हणजे नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानं पिस्तूलच काय, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका. मित्राची उसनी घेणंही त्याच कायद्यात अडकवू शकतं.

तोवर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, घ्या. ग्रीन कार्ड आल्यावरही तो सोडू नका. अलास्कातल्या घटनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा लागू पडला होता. फक्त तो विमानात चालत नाही, सामानातही नाही.

आता ग्रीन कार्डवाल्यांसाठी. वय २१ असेल तर अलास्कात पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. मी हलकी म्हणून .४४ मॅग्नमची (जोरदार काडतुसाची) जेमतेम ७०० ग्रॅमची रिव्हॉल्व्हर घेतली होती. पाचव्या गोळीला मनगट कळवळलं आणि सहावी मी झाडलीच नाही! वजन कमी तेवढा झटका जास्त, हे दुकानात उचलून बघताना कळत नाही. पोलादी .४४ रिकामी असतानाच सव्वा किलोच्या आसपास भरते, पण झटका सोसवतो. आता माझ्याकडे १० मिमीचं ग्लॉक २० आहे. १५ गोळ्या बसतात, आणि मुख्य म्हणजे दुसरी गोळी मला नेम धरून मारता येते. त्याची मूठ जाड आहे. हात लहान असेल तर आधी रेंजवर भाड्यानं घेऊन झाडून बघा. काडतुसं आत शिरून फुलणारी नकोत, कडक शिशाची भरीव घ्या, ती खोलवर जातात. किनाऱ्याकडचं मोठं नर ५०० किलोच्या घरातलं, ताडोब्याच्या अस्वलाच्या हिशेबानं जाऊ नका.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची खोळ, छातीवरचं घ्या. कमरेला सॅकचा पट्टा येतो, आणि रशियन रिव्हर नदीवर सामन मासे पकडायला गेलात तर वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा पोशाख. माझं पहिलं पिस्तूल दोन उन्हाळे सॅकच्या तळाशी डब्याखाली फिरलं. अस्वल आलं असतं तर आधी पोळीभाजी बाहेर काढावी लागली असती.

आणि जिवावर बेतलं म्हणून अस्वल मारावंच लागलं, तर काम तिथे संपत नाही. कातडं आणि कवटी तुम्हीच काढून फिश अँड गेम (मासे व वन्यप्राणी) खात्याकडे जमा करायची, १५ दिवसांच्या आत लेखी हकिकत द्यायची. खाणं उघड्यावर टाकून तुम्हीच त्याला बोलावलं असेल तर स्वसंरक्षणाची सबब चालत नाही. म्हणून सॅकमध्ये चांगली सुरी ठेवा, आणि डबा नीट बंद करा.