लोडिंग डॉकला पावसाळ्यासाठी सील निवडताना

डॉक म्हणजे गोदामाच्या दाराशी माल चढवण्या-उतरवण्याचा ओटा, आणि सील म्हणजे दार आणि गाडी यांच्यातली फट बंद करणारी सोय. आधी महिनाभर डॉकला लागणाऱ्या गाड्यांची रुंदी, उंची आणि जमिनीपासून फ्लोअरची उंची लिहून काढा. कंटेनर साधारण 2.44 मीटर रुंद असतो. उंची साध्याची 2.59, जास्त उंच म्हणजे हाय-क्यूब कंटेनरची 2.90 मीटर.

सगळ्या गाड्या जवळपास एकाच मापाच्या असतील तर फोम पॅडचा, म्हणजे दाराच्या कडेने फोमच्या गाद्या असलेला डॉक सील घ्या. गाडी दाबली की फट बंद होते, त्यामुळे कोल्ड स्टोरेजला हाच बरा. न्हावा शेवाचे कंटेनर आणि छोटे टेम्पो एकाच दाराला लागत असतील तर डॉक शेल्टर, म्हणजे गाडीच्या कडांवर टेकणाऱ्या लवचिक पडद्यांची चौकट घ्या, कारण टेम्पो पॅडपर्यंत पोचतच नाही. ताडपत्रीच्या उघड्या ट्रकला दोन्हींचा उपयोग नाही. तिथे पैसे छपरावर घाला. कोकणातला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याने तिरका येतो, तेव्हा पश्चिमेकडच्या डॉकचं छप्पर जास्त पुढे काढा.

फोम फाटतो तो बहुतेक वेळा बंपरमुळे, म्हणजे गाडीचा धक्का झेलायला डॉकवर बसवलेल्या ठोकळ्यांमुळे. पॅड रबरी बंपरच्या किती पुढे येतो ते मोजा: फार पुढे आला तर गाडी त्याला चेंबवते, मागे राहिला तर ती टेकतच नाही. रॅम्प डॉककडे उतरता असेल तर गाडीचा वरचा भाग आधी भिंतीला लागतो. अशा ठिकाणी तिरके कापलेले पॅड मागवा.

कंटेनरच्या टपावरचं पाणी मागे ओघळून माल भिजवतं, म्हणून वरच्या पडद्यावर पन्हळ हवीच. लेव्हलरच्या (डॉक आणि गाडी जोडणाऱ्या हलत्या फळीच्या) कडेची फट मात्र सगळेच विसरतात. तिथे ब्रश किंवा रबरी पट्टी लावा.