एका वाक्यात एकच नकार

‘सर, आय डिडन्ट ईट नथिंग.’ कोल्हापुरात इंग्रजी शिकवताना हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतंच. पोराला लगेच रागवू नका, तो मराठीशी इमान राखतोय. ‘मी काहीच खाल्लं नाही’ यात ‘काहीच’ला ‘नाही’ लागतंच, प्रमाण इंग्रजीत मात्र दोन्हीपैकी एकच नकार चालतो, आणि ‘काहीच’ म्हणजे ‘नथिंग’ असं आपणच त्याला पाठ करून दिलेलं असतं. खरी चूक तिथं.

म्हणून ‘काहीच’ आधी फळ्यावर लिहा आणि त्यातून दोन बाण काढा. क्रियापदाला ‘नॉट’ असेल तर ‘एनिथिंग’, नसेल तर ‘नथिंग’. मग पोरांकडूनच दोन्ही वाक्यं काढून घ्या: ‘आय डिडन्ट ईट एनिथिंग’, ‘आय एट नथिंग’. ‘कोणीच’, ‘कुठेच’ यांचंही तसंच. फक्त ‘कोणीच आलं नाही’ला ‘नोबडी केम’च, ‘एनिबडी डिडन्ट कम’ चालत नाही.

वहीत नकाराच्या प्रत्येक शब्दाला लाल गोल करायला लावा. दोन गोल दिसले की एक खोडायचा. ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’, हाही नकारातच धरायचा, पण त्याला गोल करायला हमखास विसरतात, ‘कान्ट हार्डली’ हुशार पोरंही लिहितात.

जुन्या इंग्रजीत दुहेरी नकार सर्रास चालायचा, बोलींत आजही चालतो. हे पोरांना सांगा, पण परीक्षा झाल्यावर.