जुन्या गाडीचं अर्थिंग: बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

हेडलाइट लावला की इंडिकेटरची टिकटिक मंदावते, वायपर काचेवर रांगायला लागतो, ब्रेक दाबला की मागचे पार्किंगचे दिवेही अंधूक पेटतात. जुन्या गाडीत ही लक्षणं दिसली की आपण बॅटरीवाल्याकडे धाव घेतो. माझ्या १९९६ च्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० साठी मीही घेतली होती. डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी नव्यासारखी चकाकत घरी आली आणि पंधरवड्यात सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसायला लागला. मी नवी बॅटरी घातली, सेल्फ खोलून ब्रश बदलले, तरी रड तीच. शेवटी बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढला, तर लगच्या (वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) खाली नव्या रंगाचा गुळगुळीत थर होता. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

गाडीत प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, मोटरला पॉझिटिव्हची वायर येते, पण करंट परत जातो तो बहुतेक वेळा पत्र्यातून, म्हणजे बॉडीतूनच. बॉडी हीच परतीची वायर, आणि बॅटरी, इंजिन, दिवे या बॉडीला जिथे जोडलेले असतात तो जोड म्हणजे अर्थ. वायरिंग करताना आपण लाल वायरीची जेवढी काळजी घेतो, तेवढी या परतीच्या वाटेची घेत नाही. गाडी वीस-तीस वर्षांची झाली की तिथे गंज, रंग, ऑइल आणि चिखल साचतो.

पहिली चूक: मल्टीमीटरच्या बीपवर विश्वास ठेवणं

अर्थ तपासायला अनेक जण मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर अखंड आहे का हे बीप वाजवून सांगणाऱ्या सेटिंगवर ठेवतात, बीप वाजला की ‘अर्थ ओके’ म्हणून मोकळे होतात. पण जाड केबलची एकच तार शाबूत उरली असली तरी बीप वाजतोच. मीटरचा करंट अगदी किरकोळ असतो आणि तो त्या एका तारेतून आरामात जातो. सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. जोडावर फक्त ०.०१ ओहम रोध असला, तरी दीडशे अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्च होतो. सेल्फ मारताना बॅटरी मुळात साडेदहा व्होल्टच्या आसपास आलेली असते. त्यातून दीड गेल्यावर सेल्फ फिरणार कसा?

म्हणून तपासणी लोडवर, म्हणजे खरा करंट वाहत असताना करायची. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (खांबाला आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष सापडलाच समजा. मग एकेक जोड पकडत चला: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचा लग, लग ते इंजिन. आकडा जिथे उडी मारेल, तिथे काम करायचं. हेडलाइटलाही हाच नियम लागतो. दिवे लावून बल्बच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, ०.१ च्या आसपासच यायला हवं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की साध्या हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. हे न कळल्यामुळे लोक जास्त वॅटचे बल्ब टाकतात आणि मग होल्डर वितळतात.

दुसरी चूक: रंगावर बोल्ट कसणं

रिस्टोरेशन केलेल्या गाड्यांत हे सर्रास होतं, आणि गाडी जितकी मन लावून रंगवलेली, तितकी ही शक्यता जास्त. लग जेवढा, तेवढीच जागा घासून पत्रा चकचकीत करा. लग थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट. घट्ट कसल्यानंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हात द्या. पाणी आत शिरत नाही. हा क्रम महत्त्वाचा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन सीलंट इथे लावू नका, त्यातल्या आम्लाने तांबं खराब होतं. क्लॅम्पवर हिरवट-पांढरी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, मात्र ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाता कामा नये.

तिसरी चूक: इंजिन उतरवल्यावर पट्टी विसरणं

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. त्यांना जोडणारी विणलेली पट्टी किंवा जाड केबल हाच दुवा. क्लचप्लेटचं काम झालं की ती पट्टी अनेकदा लटकत राहते किंवा डब्यात पडून राहते. मग सेल्फचा करंट सापडेल त्या वाटेने परतू पाहतो: क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, चोकची तार. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली, तर आधी ही पट्टी बघा. मी क्लच केबलचं आतलं प्लॅस्टिक वितळून पेडल जाम झालेलं पाहिलं आहे. तो दोष केबलचा नव्हता, नवी केबल टाकून चार दिवसांत तेच झालं असतं.

इतर काही चुका थोडक्यात. फॉग लॅम्प, हॉर्न, टेप, अ‍ॅम्प्लिफायर या सगळ्यांचे लग एकाच बोल्टवर रचू नका. टेपमध्ये इंजिनची शीळ ऐकू येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. अर्थची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी, कारण करंट तेवढाच असतो. सीटबेल्टच्या, ब्रेक पाइपच्या किंवा पेट्रोल टाकीच्या बोल्टवर अर्थ घेऊ नका. जीपला फायबरचा हार्डटॉप बसवला असेल तर त्यावरच्या दिव्याला अर्थ मिळणारच नाही. फायबरमधून करंट जात नाही, चॅसिसपर्यंत वेगळी वायर ओढावी लागते.

आणि वायर बॉडीला घासून ठिणगी पडते का, हे बघण्याची सवय सोडा. चार्जिंग होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने बॅटरी फुटू शकते. करंट येतोय का ते बघायला टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब, हाताशी ठेवा.

अगदी जुन्या गाडीच्या मालकाने आधी एक खात्री करावी. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. जुन्या मॉरिस मायनर, लँडरोव्हर अशाच. वाटेत कोणीतरी ती पद्धत बदललेलीही असू शकते, तेव्हा गाडीच्या वयावरून अंदाज बांधू नका. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जातंय ते डोळ्यांनी बघा. अशा गाडीत आजचा स्टिरिओ किंवा आल्टरनेटर जसाच्या तसा जोडला तर तो लगेच जळू शकतो.

काम सुरू करताना बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केलंत आणि दुसऱ्या टोकावरचा पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, हे सगळे बोल्ट उघडून बघा. टेललॅम्पच्या मागचे आधी, तिथे पाणी सगळ्यात जास्त साचतं.