सकाळी जॅकेट, दुपारी घाम: अशा दिवसांत परफ्युम कुठला लावायचा?

वसंत नुकता लागत असतो तेव्हाचे दिवस म्हणजे धड थंडी नाही, धड ऊन नाही. सकाळी निघताना जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, दुपारी तेच जॅकेट हातावर, संध्याकाळी वारा सुटला की परत अंगावर, आणि मधेच एखादी सर येऊन जाते ती वेगळीच. कपड्यांचं एक बरंय, काढता-घालता येतात. परफ्युम एकदा मारला की मारला, तो काय काढून खुर्चीवर टाकता येत नाही.

मी हे एका मीटिंगमधे शिकले. थंडीभर वापरत होते तोच व्हॅनिला आणि अंबरवाला जाडजूड परफ्युम, सकाळी गार होतं म्हणून सवयीने चार स्प्रे, आणि आज जरा कमीच येतोय असं वाटलं म्हणून वर पाचवा. अकरापर्यंत सगळं छान. मग ऊन आलं, खिडक्या बंद, मी जॅकेट काढलं आणि शेजारच्याने काही न बोलता खुर्ची हातभर लांब सरकवली. मला स्वतःला तोपर्यंत वास येणं बंद झालं होतं हे अजून वाईट, कारण नाक एकाच वासाला थोड्या वेळात सरावतं, घमघमाट बाकीच्यांनाच सोसावा लागतो.

झालं काय होतं ते सोपं आहे. बाटलीत अल्कोहोलमधे विरघळलेले सुगंधी घटक असतात, ते उडाले तरच नाकापर्यंत येतात आणि उडायला ऊब लागते. गार सकाळी ते कातडीवर दबून बसतात, म्हणून आपण अजून मारतो. दुपारी अंग तापलं, त्यात जरा घाम आला, की सकाळपासून साठलेलं सगळं एकदम उठतं. परफ्युम तोच, प्रमाण तेच, पण सकाळी दरवळ होता आणि दुपारी भपकारा.

म्हणून माझा आता एकच हिशोब आहे, दिवसातला सगळ्यात गरम तास कुठला आणि तेव्हा मी कुठे असणार, त्या तासासाठी परफ्युम निवडायचा. सकाळी कमी वाटला तर वाटू दे, नंतर वाढवता येतो, पण जास्त झालेला दुपारी कमी करता येत नाही.

मग निवडायचं काय?

नुसता लिंबू-संत्र्याचा फ्रेश परफ्युम घेऊ नका, तो गरमीत मस्त पण गार सकाळी पातळ वाटतो आणि लवकर उडून जातो, लिंबूवर्गातले रेणू हलके असतात त्यामुळे ते पहिल्या अर्ध्या तासाचेच सोबती. उलट नुसता अंबर-ऊद-व्हॅनिला पण नको, त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. आपल्याला हवाय तो मधला, म्हणजे वर काहीतरी हिरवं किंवा आंबटसर आणि खाली कोरडं लाकूड, वाळा किंवा स्वच्छ मस्क. वाळा तर या दिवसांसाठीच बनलाय असं माझं मत आहे, गारव्यात तो मातीसारखा, धुरकट लागतो आणि उन्हात थंडगार. हर्मेसचा २००६ चा तेर द'हर्मेस म्हणजे संत्रं, दगडासारखा खनिज वास आणि खाली वाळा-देवदार, पुरुषांचा म्हणून विकतात पण नाकाला कुठे कळतं. फक्त तो जोरकस आहे, दोन स्प्रेच्या वर जाऊ नका.

माझा सगळ्यात लाडका मात्र आयरिस, म्हणजे त्या नावाच्या फुलझाडाचा. हा वास फुलाचा नसतो, मुळाचा असतो, मुळं काढून साधारण तीन वर्षं वाळवत ठेवतात तेव्हा कुठे वास तयार होतो, म्हणून खरा आयरिस महाग. पावडरसारखा, थोडा मातकट, थोडा गार. गारव्यात तो रुक्ष वाटेल, पण जरा ऊब मिळाली की खुलतो आणि खुलला तरी अंगावर येत नाही. त्याला गॅल्बनमची जोड मिळाली की विचारू नका, गॅल्बनम म्हणजे एक डिंक, वास अगदी हिरवी देठं मोडल्यासारखा कडवट. शनेल नंबर १९ मधे नेमकी हीच जोडी आहे, आणि हा नंबर कोको शनेलच्या १९ ऑगस्ट या जन्मतारखेवरून आलाय. कुणाला तो फटकळ वाटतो, मला तो अशा दिवसांसारखाच वाटतो, पटकन गोड न होणारा.

व्हायोलेट फुलाच्या वासाच्या परफ्युमबद्दल एक गंमत माहीत असू द्या. त्यातला वास बराचसा आयोनोनमुळे येतो, हे रसायन १८९३ मधे जर्मनीत टीमान आणि क्र्युगर यांनी बनवलं. आयोनोनने आपलं नाक चटकन थकतं, म्हणजे वास येतो, गायब होतो, परत येतो. तेव्हा गेला गेला म्हणून परत स्प्रे मारत बसू नका, तो तिथेच आहे.

फुलंच हवी असतील तर लिली ऑफ द व्हॅली, नेरोली (कडू संत्र्याची फुलं), हलकी जाई यांच्याकडे बघा, रजनीगंधा दुपारी झेपत नाही. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलातून वापरता येईल असं तेल निघत नाही, तो वास परफ्युमर दुसऱ्या गोष्टी जुळवून उभा करतात, दियोरचा १९५६ चा दियोरिसिमो त्याचं गाजलेलं उदाहरण. पण आठवणीतल्या जुन्या बाटलीवर विसंबून नवी मागवू नका. लिलियल नावाचा घटक या वासासाठी सर्रास वापरायचे, त्यावर युरोपियन युनियनने मार्च २०२२ पासून बंदी घातली आणि बऱ्याच परफ्युमचे फॉर्म्युले बदलले. हुंगून मगच घ्या.

हुंगायचं कसं, तर कागदी पट्टीवर फक्त नापसंत ठरवा, पसंत नाही. पट्टीला अंगाची ऊब नसते. पट्टीवर आवडलेले दोन, फार तर तीन, हातावर वेगवेगळ्या जागी मारा आणि सरळ दुकानाबाहेर पडा, कारण आतल्या एसीत सगळंच शहाण्यासारखं वागतं. बाहेर गार हवेत एकदा हुंगा, जरा भरभर चालून अंग तापवा आणि परत हुंगा, मग दोन तासांनी उन्हात, मग संध्याकाळी. चारही वेळा बरा वाटला तर तुमचा. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं म्हणतात, त्याचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही, त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावा, तो आपला रोजचा वास.

बाटलीवर ओ द तोआलेत लिहिलं असेल तर त्यात सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्के, ओ द पार्फममधे १५ ते २०. या दिवसांत मी तोआलेत घेते, पण एकाच नावाच्या दोन्ही बाटल्यांचा वास पुष्कळदा वेगळा असतो, तेव्हा नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका.

लावताना अर्धं अंगावर, अर्धं कपड्यावर. अंगावर म्हणजे जॅकेटच्या आत छातीवर एक स्प्रे, आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा कारण कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. दुसरा स्कार्फवर, कापड अंगाइतकं तापत नाही म्हणून तिथून वास हळूहळू येतो, आणि मुख्य म्हणजे जास्त झाला तर स्कार्फ काढून बॅगेत टाकता येतो!! रेशमावर मात्र नको, डाग पडतो. बर्गमॉट (लिंबूवर्गातलं एक फळ) असलेला परफ्युम उघड्या मानेवर मारून उन्हात बसू नका, बर्गमॉटच्या कच्च्या तेलाने उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, आता त्यातले भाजणारे घटक काढून तेल वापरतात पण घरगुती मिश्रणांचं काय सांगावं. आणि या दिवसांत परागकणांनी अर्ध्या लोकांची नाकं वाहत असतात, तुमचंही चोंदलेलं असेल तर त्या दिवशी नाकावर भरवसा न ठेवता स्प्रे मोजून मारायचे.

संध्याकाळी परत गारवा आला की एक स्प्रे वाढवायला छोटी पाच मिलीची बाटली जवळ ठेवा. फक्त जॅकेटच्या खिशात नको, दुपारी जॅकेट काढून आपण गाडीत टाकतो आणि बंद गाडी उन्हात तापते, माझी एक बाटली अशीच आंबूस झाली.