आर्मी डिस्पोजलची जिप्सी घेतली? पार्ट मागवायच्या आधी हे वाचा

नागपूरच्या पोरांना जिप्सीचं वेड काऊन असते ते सांगायची गरज नाही. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला सगळं दोन-तीन तासांच्या आत आणि लहानपणी ज्या गाडीत उभं राहून वाघ शोधला तीच मोठेपणी दारात उभी पाहिजे असं वाटतंच. पण मारुतीने २०१९ मध्ये साध्या गिऱ्हाइकाला जिप्सी विकणं बंद केलं, सफारीतून रिटायर झालेल्या गाड्या पार पिळून निघालेल्या असतात, मग राहते ती डिस्पोजल, म्हणजे सैन्याने वापरून लिलावात काढलेली. दर महिन्याला कोणीतरी मला फोटो पाठवतो, "भाऊ गाडी घेतली, आता बंपर, विंच आणि मोठे टायर कुठून घेऊ?" आणि मी दरवेळी तेच सांगतो की थांब, आधी गाडीखाली झोप. तेच यावेळी नीट लिहून काढतोय.

सुरुवात कागदांपासून, कारण इथे चुकलं तर बाकी सगळं वाया. सैन्याच्या गाड्यांचा लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतो, अनामत भरायची, लॉट बघून यायचा, आणि गाडी "जशी आहे जिथे आहे" या अटीवर मिळते. बॅटरी नसेल, चावी नसेल, टायर बसलेले असतील, कोणाला विचारायचं नाही. बोलीच्या रकमेवर जीएसटी आणि टीसीएस (विक्रेता कापून घेतो तो आयकर) वेगळे, ते हिशोबात धरूनच बोली लावा. आपल्यासारखे बहुतेक लोक मात्र लॉट उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडून एक गाडी घेतात, तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सैन्याच्या गाडीला आरसी बुक नसते, तिचं सगळं काही फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये स्पष्ट आहे, माजी सैनिकी गाडीच्या नोंदणीला फॉर्म २० च्या अर्जासोबत मूळ फॉर्म २१ लागतो. मूळ, झेरॉक्स नाही. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा, चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढा आणि तो छाप घरी नेऊन शांत डोक्याने बघा. माझ्या ओळखीच्या एकाला इंजिन बदललेली गाडी मिळाली होती, तो आठ महिने चकरा मारत होता.

पैसे द्यायच्या आधीच आपल्या आरटीओत जाऊन विचारून या. शहर असेल तर एमएच-३१, पूर्व नागपूर एमएच-४९, ग्रामीण एमएच-४०. गाडीचं वय हा मोठा मुद्दा आहे, १५ वर्षांच्या वर गेली की फिटनेस आणि पर्यावरण कर आलाच. वय ओळखायची एक सोपी खूण जुन्या मिलिटरी नंबरावरच असते, आधी वर टोक केलेला बाण, त्याच्यानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आली ते वर्ष. अर्थात नंबर पुसलेला असला तर फॉर्मवरचं वर्ष बघायचं.

आणि रंग. हे खूप जणांना माहीत नसते आणि मग वाईट वाटते. ऑलिव्ह ग्रीन रंग ठेवता येत नाही. नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याची सोडून कोणतीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायची नाही. म्हणजे ज्या रंगाच्या प्रेमात पडून गाडी घेतली तोच आधी जाणार, आणि नवीन रंग नोंदणीत लागणार. मी माझी राखाडी केली, वाळूच्या रंगाचीही छान दिसते. रंग काढताना घाई करू नका, माझ्या गाडीवर ब्रशने मारलेले थरावर थर होते, वरून गुळगुळीत दिसणाऱ्या फ्लोअरला वायर ब्रश लावला तर ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक निघालं. तिथे पट्टी मारून पुट्टी भरू नका, कुजलेला पत्रा कापा, नवीन पत्रा वेल्ड करा, दोन्ही बाजूने प्राइमर मारा.

आता बदलांबद्दलचा कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं काही करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच पक्कं केलं. लोखंडी बुल बारवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. त्यामुळे बॉडी कापणं, दुसरं इंजिन टाकणं, चेसिस लांब-आखूड करणं हे मी कोणालाच सांगत नाही. पुढे जे लिहितोय त्यात मुख्य भर झिजलेलं बदलून बरं बसवण्यावर आहे, आणि टायरची साइज किंवा गाडीची उंची यासारख्या गोष्टींना हात लावायच्या आधी आरटीओत विचारायचंच.

गाडी घरी आली की पहिले तीन महिने एकही हौसेचा पार्ट घ्यायचा नाही. हे माझं मत नाही, मी भोगलंय. मी पहिल्याच आठवड्यात टायर घेतले, २३५/७५ आर १५, कारण फोटोत मस्त दिसतात. आणि एका दुकानात "दोन इंच उचलून देतो" म्हणून लांब शॅकल (पाटे चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) बसवून घेतले. उमरेड रोडवर साठच्या स्पीडला एक छोटा खड्डा लागला आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की दोन्ही हातांनी धरूनही थांबेना, गाडी जवळपास उभी केली तेव्हा थांबलं. बायको बाजूला होती. ती थरथर टायरची नव्हती, शॅकलची एकट्याची पण नव्हती, किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळते तिचे) बेअरिंग आधीच गेलेले होते आणि मी त्याच्यावर वजन आणि उंची चढवली होती.

म्हणून हे काम जवळून सांगतो. जिप्सीचा पुढचा एक्सल सरळ दांड्याचा आहे, दोन्ही टोकांना गोळ्यासारखं नकल म्हणजे चाक वळवणारा सांधा, आणि ते वर-खाली किंगपिनवर फिरते. पुढचं चाक जॅकवर उचला, एक्सलखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाकाला वरून आणि खालून धरा, बारा आणि सहाच्या ठिकाणी, आणि आत-बाहेर हलवा. टक टक लागलं तर मोकळीक आहे. आता आत कोणाला तरी बसवा आणि ब्रेक दाबायला सांगा, परत हलवा. मोकळीक गेली तर व्हील बेअरिंग सैल आहे, तरीही राहिली तर किंगपिन. नकलच्या मागच्या बाजूने ग्रीस आणि पातळ तेल मिसळून काळी लापशी गळत असेल तर आतलं एक्सलचं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) तेल नकलमध्ये येतंय, म्हणजे ग्रीस धुऊन निघालं आणि बेअरिंग कोरडं चालतंय. मग सगळं खोलायचं, रॉकेलने धुवायचं, दोन्ही बाजूचे वरचे-खालचे बेअरिंग नवीन, सील नवीन, ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रोलरमध्ये दाबून भरायचं. किंगपिनच्या टोपीखाली शिम म्हणजे पातळ चकत्या असतात, शिम काढला की बेअरिंगवर दाब वाढतो. किती ठेवायचा ते अंदाजाने नाही, टाय रॉड सोडून नकलला साधा स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. आमच्या मिस्त्रीने पहिल्यांदा हातानेच बघितलं होतं आणि दोन हजार किलोमीटरमध्ये परत थरथर आली.

दुसरी जागा ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी लटकते, रबरी माउंटवर, आणि मध्ये छोटा शाफ्ट. हे रबर आपल्याकडच्या उन्हात कडक होऊन फुटते. ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना खालून धाड असा झटका येत असेल तर आधी हे तीन माउंट आणि मग शाफ्टचे क्रॉस बघा, लोक इथे उगाच क्लच प्लेट बदलून बसतात.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो कारण ते दणकट आहे. २००० नंतरची असेल तर १२९८ सीसीची १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (म्हणजे फ्युएल इंजेक्शनची), ८० हॉर्सपॉवरची, त्याच्या आधी कार्ब्युरेटरची, आणि अगदी जुनी १९८५ पासूनची ९७० सीसीवाली. कोणतीही असो, टायमिंग बेल्ट न विचारता बदला, टाकी उतरवून धुवा कारण डेपोत उभ्या गाडीत पेट्रोल सडून गंज बसलेला असतो, सगळी तेलं काढून नवीन टाका. आणि रेडिएटर. नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, त्या उन्हात सिग्नलवर उभी गाडी हीच खरी परीक्षा. इथले काही मिस्त्री उपाय म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. काढू देऊ नका, रेडिएटर साफ करून घ्या, फॅन क्लच बघा, साधं पाणी काढून कूलंट भरा.

इतकं झालं की मग पार्ट. पहिला पैसा सस्पेन्शनवर घाला. जिप्सी चारही बाजूला पाट्यांवर चालते आणि मूळ पाटे बैलगाडीसारखे वाटतात, त्यात डिस्पोजलच्या गाडीचे एका बाजूने बसलेले असतात. पॅराबोलिक पाटे घेतले तर पाट्यांची संख्या कमी, एकमेकांवर घासत नाहीत, आणि फरक पहिल्या स्पीड ब्रेकरलाच कळतो. सोबत गॅसचे शॉक, आणि ग्रीस भरता येणारे शॅकल, पण मूळ लांबीचेच. लांब शॅकलने एक्सल थोडा पुढे कलतो, कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं होते, तेच माझ्यासोबत झालं. बसवताना एक गोष्ट मिस्त्रीला उभं राहून करायला लावा, शॅकलचे आणि हँगरचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल कसायचे नाहीत, चाकं लावून गाडी जमिनीवर सोडायची, दोनदा दाबून हलवायची, मग कसायचे. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच आवळले जातात आणि वर्षात फाटतात. यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) दर वेळी नवीन, जुने ताणलेले असतात.

टायरची मूळ साइज २०५/७० आर १५, उंची ६६८ मिमीच्या आसपास. २१५/७५ घेतला तर ७०३, म्हणजे मीटर ६० दाखवते तेव्हा गाडी ६३ वर असते, एवढं इंजिन सहज ओढते. २३५/७५ ची उंची ७३३, मीटरच्या ६० ला खरी ६६, ओव्हरटेक करताना गाडी मेल्यासारखी वाटते आणि ब्रेकलाही जास्त लांब लागते. मी ते विकून २१५ वर आलो. शिवाय आपली काळी माती समजून घ्या बाप्पा. पावसाळ्यात शेतरस्त्यावर गेलात की जाळीदार ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीच्या) टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात आणि टायर गोटा होतो, मग कितीही महाग असो, घसरतोच. तिथे मोठ्या उघड्या खाचांचा टायर लागतो जो फिरताना माती फेकतो, पण तोच डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो. महिन्यातून एकदा चिखल आणि रोज वर्धा रोड असेल तर ऑल टेरेनच घ्या, हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून हळू काढा आणि रस्त्यावर आल्यावर लगेच भरा. आणि फोर व्हील कोरड्या डांबरावर लावू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस मार खाते.

लाइटसाठी लोक १०० वॅटचे बल्ब टाकतात आणि होल्डर वितळतात. त्यापेक्षा रिले लावा. दोन ६० वॅटचे बल्ब मिळून दहा अँपिअर घेतात, जुन्या गाडीत तो करंट पंचवीस वर्षांच्या स्विचमधून आणि वायरमधून फिरून येतो आणि वाटेतच कमी होतो. बॅटरीवरून फ्यूज लावून सरळ जाड वायर, मध्ये रिले, जुन्या स्विचने फक्त रिले चालवायचा. त्याच ६० वॅटच्या बल्बने रामटेकच्या रस्त्यावर रात्री किती फरक पडतो ते बघा. मागे डिफरन्शियलला पांढरा रंग आणि त्याच्यावर छोटा दिवा असेल तर तो काढू नका, रात्री ताफ्यात मागच्या गाडीला तेवढंच दिसावं म्हणून तो लावलेला असतो. मी माझा तसाच ठेवलाय, चालू करत नाही, पण पुसून ठेवतो. हुक, जेरीकॅनचा स्टँडही घट्ट असतील तर राहू द्या, बाजारातल्या नवीन वस्तूंपेक्षा ते लोखंड चांगलं आहे.

सीटचं मात्र ऐका, मागे आडव्या बाकड्यावर लेकरं बसवू नका, पुढे तोंड असलेली सीट आणि बेल्ट हवा, आणि त्याचे बोल्ट पत्र्यात नाही तर खालून जाड प्लेट देऊन. याची आरटीओत नोंद लागेल ती करून घ्या.

सगळं बसवून झालं की लांब जायच्या आधी एक चक्कर खिंडसीला मारून या, शंभर-एक किलोमीटर झाले पाहिजेत. परत आल्या-आल्या आधी चाकांचे हब हाताने बघा, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर बहुतेक त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलंय, ते त्याच दिवशी सोडवा. मग गाडी थंड होऊ द्या, टॉर्क पाना घ्या आणि आठही यू-बोल्ट पुन्हा कसा, माझे पहिल्यांदा जवळपास अर्धा आटा फिरले होते.