कोल्हापुरात खायचं तर आधी वार बघा, मग हॉटेल

कोल्हापूरला पहिल्यांदा येणारे बहुतेक जण हॉटेलांची यादी घेऊन येतात. मग दुपारी दीड वाजता मिसळीच्या दारात जातात आणि सोमवारी मटण शोधत फिरतात. इथलं खाणं वारावर आणि घड्याळावर चालतं. ते एकदा समजलं की साध्या खानावळीतही उत्तम जेवता येतं.

मटणाचे वार तीन: बुधवार, शुक्रवार आणि रविवार. या दिवशी मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांग असते, माल ताजा असतो आणि रस्साही मनापासून केलेला असतो. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात. खानावळी त्या दिवशीही उघड्या असतात, पण गिऱ्हाईक कमी, त्यामुळे रस्सा पुन्हापुन्हा तापवलेला मिळण्याची शक्यता जास्त. श्रावणात आणि नवरात्रात मटणासाठी मुद्दाम येऊ नका. आषाढात मात्र जरूर या. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी वाहतात आणि त्यामागोमाग जत्रेची जेवणं होतात. तसं आमंत्रण मिळालं तर हॉटेलचा बेत रद्द करा.

सकाळ मिसळीची. आठ ते दहा ही खरी वेळ. उद्यमनगरातली फडतरेंची मिसळ आणि कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथे थांबावं लागतं, म्हणून लवकर पोचा. खाली मटकी, कुठे बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि वरून कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा. सोबत पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाईस येतात. त्यांचं कारण कट आहे: जाड स्लाईस तो भरपूर शोषून घेते, तरी हातात लगेच तुटत नाही.

चूक होते ती कट ओतताना. वाटीभर कट एकदम ओतला की दोन मिनिटांत शेवेचा लगदा होतो आणि मिसळीतला कुरकुरीतपणा संपतो. दोन-तीन डाव घाला, खा, मग पुन्हा घाला. कट संपला तर संकोच करू नका, ‘मामा, जरा कट द्या’ म्हटलं की येतो. तिखट लागलं तर पाण्यानं काही होत नाही, कारण मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. दही मागवा. आणि सोबतच्या माणसाला तिखट झेपणार नसेल तर कट वेगळ्या वाटीत आणायला आधीच सांगा.

दुपारी साडेबारा ते अडीच खानावळीची वेळ. ताटात सुक्कं मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू असतं. सुक्कं मोजून मिळतं, रस्सा मात्र बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात. म्हणूनच रस्सा कसा खायचा हे नीट समजून घ्या, ताटातला खरा जीव तोच आहे.

दोन्ही रश्शांचं मूळ एकच: बोकडाचं मटण आलं-लसूण आणि मीठ लावून शिजवलं की निघणारं बिनमसाल्याचं पाणी, ज्याला अळणी म्हणतात. त्यात नारळाचं दूध, काजू-खसखस-तिळाचं वाटण आणि खडा मसाला पडला की पांढरा. सुकं खोबरं, तीळ, कांदा भाजून केलेलं वाटण आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. पांढरा आधी प्या, गरम असतानाच. तो गार झाला की चरबी वर थिजते, जिभेला चिकट थर लागतो आणि नारळाचा गोडवा दबतो. त्यात लिंबू पिळू नका, नारळाचं दूध फाटतं. लिंबू तांबड्यासाठी. पांढऱ्याच्या कडेला पाणी सुटलेलं आणि मधे चोथा दिसला तर नारळाचं दूध घातल्यावर तो खळखळून उकळलाय असं समजा.

मग भाकरी. एका वेळी एकच मागवा, जोंधळ्याची भाकरी ताटात पडून राहिली की वातड होते. अर्धी भाकरी सुक्क्याबरोबर खा, उरलेली वाटीत चुरून त्यावर तांबडा घ्या आणि हातानं कालवून खा. चमचा मागितला तर मिळेल, पण चुरलेली भाकरी चमच्यानं नीट कालवली जात नाही. शेवटी थोडा भात आणि पुन्हा रस्सा. ज्यांनी सुरुवातीलाच दोन चपात्या खाल्ल्या, त्यांच्या पोटात रश्शाला जागा उरत नाही. हे टाळा. कलेजी, मुंडी, रक्ती, वजडी असे बोकडाचे वेगळे प्रकार हवे असतील तर आल्याआल्या विचारा. माल थोडा असतो आणि लवकर संपतो.

चांगला तांबडा ओळखायचा कसा? तो जिभेवर पहिल्या घासाला जाळत नाही. आधी भाजलेल्या खोबऱ्याचा आणि लसणाचा वास येतो, तिखट मागून चढतं. पहिल्या घोटालाच नुसती आग आणि मागे काहीच चव नसेल तर वाटणात कसूर केलीय. आणि ‘व्हेज कोल्हापुरी’, ‘पनीर कोल्हापुरी’ या हॉटेली भाज्या आहेत, त्यांच्यासाठी इथवर येण्याची गरज नाही.

शाकाहारी माणसानं अख्खा मसूर, झुणका, भरलं वांगं, खर्डा-भाकरी-दही असा बेत करावा. अख्खा मसूर रोटीबरोबर खा आणि वरून कच्चा कांदा घ्या. मिश्र खानावळीत तांबडा-पांढरा मागताना तो मटणाच्या पाण्यातला नाही ना, हे स्पष्ट विचारा.

संध्याकाळी पाचनंतर खासबाग आणि भवानी मंडपाचा परिसर, नाहीतर रंकाळा. खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ लोक मुद्दाम वाट वाकडी करून खातात. भेळ हातात आली की लगेच संपवायची, पार्सल नेऊ नये. न्यायचीच असेल तर चटणी वेगळी बांधून घ्या. दावणगिरी लोणी डोसा मूळचा कर्नाटकातला, पण कोल्हापूरनं तो आपलासा केलाय. तो मऊ आणि जाळीदार हवा. कुरकुरीत डोसा हवा असेल तर तो दुसरीकडे खावा.

गंगावेशीत म्हशी कट्ट्यावर आणून समोर दूध काढून देतात. पहिलवानांच्या या गावाची ही सवय तालमींइतकीच जुनी वाटते. फेसाळ, कोमट पेला उभ्या उभ्या पितात. मात्र हे न तापवलेलं दूध असतं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि पोट नाजूक असलेल्यांनी ते पिऊ नये. त्यांनी तापवलेलं मसाला दूध घ्यावं.

थंडीत आलात तर अर्धा दिवस गुऱ्हाळासाठी ठेवा. उसाचा रस, गरम काकवी आणि ताजा गूळ तिथेच चाखा. काकवी चपातीबरोबर उत्तम लागते. विकत घेताना पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. तो रंग बहुतेक वेळा रसायनानं आणलेला असतो. तपकिरी, गडद गूळ घ्या.

घरी न्यायची वस्तू म्हणजे कांदा-लसूण चटणी. इथे नुसतं ‘चटणी’ म्हटलं तरी हीच समजतात. संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा आणि ब्याडगीचा रंग असं तिचं गणित असतं. मिरचीचं प्रमाण विचारून घ्या आणि चिमूटभर हातावर घासून बघा: लसणाचा वास आला पाहिजे आणि बोटाला किंचित तेल लागलं पाहिजे. वर्षभराची चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटतात, त्यामुळे मे-जूनमध्ये ताजी मिळते. पहिल्यांदा पाव किलो पुरे. काचेच्या कोरड्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे दोन खडे ठेवा आणि ओला चमचा कधीही घालू नका. कांद्यामुळे तिला ओल लागली की बुरशी लवकर धरते. चार माणसांच्या रश्शाला दोन चमचे घालून सुरुवात करा, चव बघा आणि मगच वाढवा.